आधी शाकारणी

अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो पाहिले. 2001 सालचा 29 फुटी फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या पाठीवर जोडून ओढायचा राहायचा ट्रेलर, एक स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग), आणि किंमतही बेताची. फोटोंबरोबर पाठवलेली कामांची यादीही वाचली: कॅबिनेटना पांढरा रंग, नवे पडदे, लाकडासारखी दिसणारी व्हिनाइलची जमीन, सोफा काढून तिथे टेबल. यादी छान आहे, पण तिच्यातल्या एकाही गोष्टीला अजून हात लावू नकोस. पहिले दोन शनिवार-रविवार छतावर आणि ट्रेलरच्या पोटाखाली घालव.

माझं माहेर चिपळूणजवळचं. मे महिना संपत आला की घराची शाकारणी निघायची. बाबा छपरावर आणि मी शिडीच्या मधल्या पायरीवर उभी राहून त्यांच्या हातात कौलं द्यायची. घरात इतर कितीही कामं पडलेली असोत, मृगाआधी छप्पर. बाबा फुटलेलं कौल शोधत बसायचे नाहीत. ओळीन् ओळ हात फिरवून ते सरकलेलं कौल शोधायचे. फुटलेलं खालूनही दिसतं, घात सरकलेलं करतं, असं ते म्हणत. इंडियानात येऊन माझा ट्रेलर दुरुस्त करताना मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं ते हेच.

तुझ्या ट्रेलरचं छत म्हणजे पातळ प्लायवूडवर चिकटवलेली ईपीडीएम रबराची चादर. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती खडूसारखी पांढरी भुकटी सोडते, पण चादर सहसा स्वतःहून फाटत नाही. पाणी शिरतं ते सांध्यांतून: हवेच्या झरोक्यांभोवती, एसीच्या आणि अँटेनाच्या बुडाशी, टाक्यांच्या वायुनळ्यांपाशी आणि छत जिथे पुढच्या फायबरग्लासच्या तोंडाला मिळतं त्या आडव्या रेषेत. तिथल्या सीलंटवरून, म्हणजे सांधे बुजवणाऱ्या चिकट्यावरून, बोट फिरव. चांगलं सीलंट दाबलं तर किंचित दबतं. संपलेलं टणक असतं, त्याच्यावर वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा असतात आणि कड नखाने उचलून येते. उचलून येणारं सगळं प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढ, साबणाच्या पाण्याने पूस, पूर्ण वाळू दे आणि मग सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं) लॅप सीलंट घाल. पेट्रोलियमचा अंश असलेलं कोणतंही क्लीनर त्या रबराला लावू नकोस, रबर फुगतं. आणि कुणी कितीही सांगितलं तरी घरात वापरतात ते सिलिकोन छतावर नको. ते एकदा लागलं की त्याच्यावर दुसरं काहीही नीट चिकटत नाही, आणि पुढच्या माणसाला ते कणाकणाने खरवडावं लागतं. तो पुढचा माणूस बहुधा तूच असशील.

छत झालं की कडा. भिंती आणि छत जिथे मिळतात तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्या खाचेत व्हिनाइलची दोरी. ती दोरी ओढून काढ आणि खालचे स्क्रू बघ. गंजलेले असतील किंवा नुसतेच गोल फिरत असतील तर आतलं लाकूड ओलं आहे असं समज. पट्टी उतरवायची, जुना चिकटा साफ करायचा, नवी ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून पट्टी परत बसवायची. खिडक्यांचंही तसंच. कंटाळवाणं काम आहे. मला एका बाजूला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांनी माझा ट्रेलर वाचवला.

पाणी कुठवर पोचलं आहे हे बघायला मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) घे, पण त्याआधी एक दाभण घे. पलंगाच्या डोक्याशी असलेल्या कपाटांचे आतले कोपरे, स्लाइड-आउटच्या जमिनीचे दोन्ही कोपरे, दाराचा उंबरा, मागच्या खिडकीखालची भिंत: प्रत्येक ठिकाणी दाभण टोच. लाकूड अडवतं की आत घेतं हे मनगटाला कळतं. डाग दिसेल त्याच्यावरच भोक असेल असं धरू नकोस. पाणी चौकटीच्या कडेने धावतं आणि पार लांब जाऊन ठिबकतं. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की बाहेरच्या भिंतीला गाल लावून लांबवर बघ. फायबरग्लासची चादर पातळ प्लायला चिकटवलेली असते. ओल लागून ती सुटली की भिंतीवर पुरीसारखा फुगवटा दिसतो. हाताएवढा असेल तर पाणी थांबवून त्याच्यासह जगता येतं. अर्धी भिंत फुगली असेल तर मला लगेच फोन कर. मग दुरुस्तीचा नाही, ट्रेलर ठेवायचा की नाही याचा विचार करावा लागेल.

हे इतक्या पोटतिडकीने लिहिते आहे त्याला कारण आहे. माझा 1998 चा ट्रेलर घेतला तेव्हा स्वयंपाकाच्या जागेत जमीन कोरी होती, आणि मला तेवढ्याचाच आनंद झाला. त्या हिवाळ्यात मी आतून सगळं रंगवलं. एप्रिलच्या पहिल्या मोठ्या पावसात नव्या पांढऱ्या रंगावरून चहाच्या रंगाचा ओघळ आला. जमीन उचलली तर खालची फळी ओल्या बिस्किटासारखी हातात तुटली. विकणाऱ्याने कुजक्या फळीवर नवं व्हिनाइल अंथरलं होतं. माझा रंग, कपाटं, तीन महिन्यांच्या सुट्ट्या, सगळं मला माझ्या हाताने उखडावं लागलं. त्या रात्री ओट्याशी बसून मी रडले. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

आता वजनाचं. फिफ्थ व्हील हे नाव घोडागाडीच्या काळातलं. पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं चाक बसवत, ते पाचवं. विमानं बांधणाऱ्या ग्लेन कर्टिसने 1920 च्या दशकाच्या शेवटी आपला एरोकार ट्रेलर काढला तेव्हा मोटारीशी जोड द्यायला त्याने विमानाचा टायर आडवा वापरला होता. मला ही गोष्ट फार आवडते. तुझा जोड मात्र 2 इंच जाडीच्या पोलादी किंगपिनचा आहे आणि ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा त्या पिनेवरून थेट पिकअपच्या मागच्या आसावर येतो. भरलेला ट्रेलर 10,000 पौंडांचा असेल तर 2,000 पौंड पिकअपवर. त्यात हिचचं, म्हणजे पिकअपवर बसवलेल्या जोडाचं, वजन मिळव, तुम्ही दोघं आणि सामान मिळव. मग पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाच. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते तिथे छापलेलं असतं. तू म्हणतोस तो अर्ध्या टनाचा (म्हणजे हलक्या वर्गातला) पिकअप ‘सहज ओढेल’. ओढेलही, पण प्रश्न पाठीवर घेण्याचा आहे, आणि मला वाटतं त्याला हे वजन पेलणार नाही. हा हिशेब छताच्या कामाबरोबरच करून टाक. ट्रेलर एकदा आतून सजला की मन हिशेब ऐकत नाही.

टायरची नक्षी बघून फसू नकोस. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाच: 2314 म्हणजे 2014 चा 23 वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, सहा-सात वर्षांपुढचे असतील तर सरळ बदल. चाकं उतरलेली असतानाच बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरून घे आणि ब्रेक बघ. नवी चाकं बसवल्यावर पहिल्या 50 मैलांनी नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळायचे.

विजेबद्दल एक गोष्ट नीट ऐक. तुझ्या ट्रेलरला 30 अँपियरची तीन पायांची पिन आहे. ती 120 व्होल्टची आहे. दिसायला मात्र ती कपडे वाळवायच्या यंत्राच्या जुन्या 240 व्होल्टच्या पिनेसारखी दिसते. आमच्या अंगणात सॉकेट बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने तीच समजून दोन्ही तारा वीजवाहू (लाइव्ह) जोडल्या. आपण भारतात 230 व्होल्टमध्ये वाढलेलो, त्या आकड्याची मला धास्ती वाटली नाही. मी पिन लावली आणि एका क्षणात कन्व्हर्टर (बॅटरी चार्ज करणारा डबा), मायक्रोवेव्ह, टीव्ही गेले. जळक्या वार्निशचा वास दोन दिवस जात नव्हता. म्हणून कुठल्याही नव्या सॉकेटला आधी मल्टिमीटर लावायचा, आकडा डोळ्यांनी बघायचा, मगच पिन. जुना कन्व्हर्टर असेल तर तोही बदल, त्या काळातले बरेचसे बॅटरीतलं पाणी उकळवून टाकतात.

गॅसची गळती तपासायला साबणाचा फेस, आपल्या घरच्या सिलिंडरसारखाच. गॅसचा डिटेक्टर किती वर्षांचा आहे ते त्याच्या मागे वाच, मुदत संपलेला गप्प बसू शकतो. फ्रिजमागे अमोनियाचा वास किंवा पिवळी भुकटी दिसली तर तो लावू नकोस. पाण्याच्या नळ्यांचं उन्हाळ्यात बघू. फक्त ओहायोची थंडी पडायच्या आत सगळं पाणी काढून नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भर, मोटारीचं हिरवं नव्हे, ते विषारी आहे.

सुटे भाग नवे घेण्याआधी एकदा इंडियानातल्या एल्कहार्टला चल. त्या एका परगण्यात देशातले इतके ट्रेलर बनतात की कारखान्यांतून उरलेली दारं, खिडक्या, कपाटं, गाद्या विकणारी गोदामं तिथे आहेत. पुढच्या शनिवारी मी दाभण आणि मीटर घेऊन तुझ्याकडे येते. गुडघ्यांखाली घालायला प्लायवूडच्या दोन फळ्या आणून ठेव, म्हणजे छतावर वजन पसरेल. शिडीच्या मधल्या पायरीवर या वेळी तू उभा राहा, वर मी चढते.

तुझी,
मावशी

ता. क. पलंगाखालच्या फोटोत मला उंदराच्या लेंड्या दिसल्या. कोरड्या झाडू नकोस आणि व्हॅक्यूमही नको, त्या धुळीतून हंताव्हायरस होऊ शकतो. दारं-खिडक्या उघडून ठेव, हातमोजे घाल, ब्लीचचं पाणी शिंपडून पाच मिनिटं मुरू दे, मग कागदाने टिपून घे.