ओस पडलेल्या शहरांत आज काय उरलंय?

माणसं सोडून गेलेल्या शहरांत आज नेमकं काय शिल्लक आहे, असं तुम्ही विचारलंय. शहर किती मोठं होतं यापेक्षा माणसं तिथून कशी गेली, यावर ते ठरतं असं मला वाटतं.

हळूहळू रिकाम्या झालेल्या गावात सामानसुमान फारसं सापडत नाही. जाणारे किडूकमिडूकही सोबत नेतात. नामिबियातलं कोल्मन्सकोप असंच. १९०८ मध्ये रेल्वेमार्गावरची वाळू उपसणाऱ्या मजुराला तिथे हिरा सापडला आणि भर वाळवंटात जर्मन धाटणीचे बंगले, इस्पितळ, बर्फाचा कारखाना उभा राहिला. पुढे दक्षिणेला ऑरेंज नदीकडे जास्त चांगले हिरे मिळाले, आणि १९५६ पर्यंत गाव पार ओस पडलं. आज खोल्याखोल्यांत वाळूचे ढीग आहेत. अर्धवट उघडी दारं तशीच रुतून बसलीत, भिंतींचे रंग मात्र अजून ओळखू येतात.

तामिळनाडूतल्या धनुष्कोडीला आवराआवर करायला वेळच मिळाला नाही. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात एका रात्रीत गाव गेलं, पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट समुद्राने गिळली. आता चर्चच्या भिंती आणि रेल्वेच्या इमारतींचे अवशेष दिसतात. सरकारने जागा राहण्यास अयोग्य ठरवली, तरी कोळी कुटुंबं तिथेच राहत आली आहेत. म्हणून तिला ‘भुताचं गाव’ म्हणतात ते मला अजिबात आवडत नाही.

अमेरिकेतल्या सेंट्रेलियात उलट घडलं. १९६२ पासून जमिनीखालचा कोळसा जळतोय. सरकारने घरं विकत घेऊन पाडली, त्यामुळे रस्ते आहेत पण घरं जवळजवळ नाहीत. दफनभूमींची देखभाल मात्र होते, आणि टेकडीवरच्या युक्रेनियन चर्चमध्ये आजही प्रार्थना होते. तिथे येणारे लोक बाहेरगावाहून येतात.

एकाच जागेबद्दल खोलात वाचायचं असेल तर चिलीतलं हंबरस्टोन घ्या. जर्मनीत कृत्रिम नायट्रेट तयार होऊ लागलं, इथला सोऱ्याचा, म्हणजे नैसर्गिक नायट्रेटचा, धंदा बसला आणि १९६० मध्ये काम थांबलं. नाट्यगृह आणि लोखंडी पत्रे रिव्हेट मारून जोडलेला पोहण्याचा तलाव अजून उभे आहेत. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. जुने कामगार आणि त्यांची मुलंबाळं दर नोव्हेंबरात तिथे जमतात.