विद्यापीठात रोज गाडी न्यावी का?

प्रश्न : विद्यापीठाच्या आवारात गाडी लावण्याचा सत्रभराचा परवाना मला परवडत नाही आणि दूरवर लावली तर पहिला तास बुडतो. स्वस्त मार्ग कोणता?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : केवळ परवान्याचे शुल्क न पाहता इंधन, झीज आणि जागा शोधण्यात जाणारा वेळ धरून सत्राचा एकूण खर्च काढा व तो विद्यार्थी सवलतीच्या पासशी ताडून पाहा. विमा या हिशेबात धरू नका, कारण गाडी घरी उभी राहिली तरी तो भरावाच लागतो. घराजवळ थेट बस नसेल, तर शहराच्या कडेच्या स्थानकावर गाडी ठेवून पुढचा, गर्दीचा टप्पा बसने किंवा रेल्वेने गाठणे मला सर्वांत व्यवहार्य वाटते. तासिका आठवड्यातून दोन-तीनच दिवस असतील, तर दैनिक परवाना मिळतो का, हे अवश्य विचारा. चौघांनी एका गाडीने गेल्यास इंधन आणि शुल्क दोन्ही चार वाट्यांत विभागले जातात. मात्र परतीची वेळ आधीच ठरवा. अंतर ५ किलोमीटरच्या आत असेल, तर ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकलला २० मिनिटे पुरतात. फुकट दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी लावण्यापूर्वी तेथील फलक नीट वाचा. एकाच दंडात अनेक दिवसांची बचत जाऊ शकते.