सेकंडहँड जॅझ बेस गिटारचा आवाज पातळ येतो आणि हमही आहे. कोणते पिकअप बसवू?

एवढ्यात पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारे चुंबक-वेटोळ्याचे ठोकळे, मागवू नका. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की आवाज नाकातून आल्यासारखा होतो, खर्ज जातो आणि हम (सततची गुणगुण) वाढतो, असं तुम्ही लिहिलंय. ही दोन दुखणी नाहीत, बहुधा एकच आहे.

जॅझ बेसच्या चांगल्या जोडीत एका पिकअपचं वेटोळं आणि चुंबक दोन्ही दुसऱ्याच्या उलट असतात. त्यामुळे तारांचा आवाज एकमेकांत मिळतो आणि हम कापला जातो. आधीच्या मालकाने एखादा पिकअप काढून परत लावताना त्याच्या दोन वायर अदलाबदल केल्या, की नेमकं उलट घडतं: खर्ज कापला जातो, हम दुप्पट होतो. कोणत्याही एकाच पिकअपच्या वायर उलट जोडा, काम झालं. पण आवाज पातळ आणि तरीही हम गायब असं असतं, तर दोन्ही पिकअप एकाच जातीचे म्हणायचे. होकायंत्राची सुई दोन्हींच्या चुंबकी खांबांवर सारखीच वळली की खात्री पटते. तशा जोडीत वायर उलटवून खर्ज येईल, पण हमही येईल. मग मात्र जोडी बदलावी.

एक व्हॉल्यूम थोडा कमी केल्यावर हम परत येतो, तो दोष नव्हे. तारांना हात लावल्यावर हम कमी व्हायला हवा. फरक पडत नसेल तर ब्रिजखालची (तारा अडकवलेल्या धातूच्या पट्टीखालची) ग्राउंड वायर सुटलेली असते. मल्टिमीटर बझरवर ठेवून ब्रिज आणि जॅकची बाहेरची कडी यांच्यात जोड आहे का ते तपासा.

कॉइल (वेटोळं) तपासायला बेस उघडावाही लागत नाही. जॅकमध्ये केबल लावा, एक व्हॉल्यूम पूर्ण, दुसरा शून्य, आणि केबलच्या टोकाशी रोध मोजा. 7.5 किलोओहमचा धडधाकट पिकअप 7 च्या आसपास दिसेल, कारण 250 किलोओहमचे दोन्ही पॉट (व्हॉल्यूम नॉबखालचे बदलते रोधक) समांतर येतात. आकडा 125 च्या जवळ गेला तर कॉइल तुटलंय.

आता टोन. नव्या तारा (45–105) आणि पिकअपची उंची यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा कित्येकदा महागड्या पिकअपनेही पडत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून खांबापर्यंतचं अंतर मोजा: जाड तारेखाली सुमारे 2.8 मिमी, बारीक तारेखाली 2 मिमी. पिकअप फार वर घेतला तर चुंबक तारेला ओढतो, सूर डळमळतो.

आवाज भरदार हवा असेल तर माझं मत सिरीज स्विचला, म्हणजे दोन्ही पिकअप एकामागे एक जोडणाऱ्या स्विचला. एक व्हॉल्यूम काढून तिथे 250 किलोओहमचा पुश-पुल (ओढला-दाबला की स्विच बदलणारा) पॉट बसवायचा. ओढल्यावर नेक (मानेकडच्या) पिकअपची ग्राउंड वायर ग्राउंडवरून सुटून ब्रिज (ब्रिजकडच्या) पिकअपच्या हॉट (सिग्नलच्या) वायरला जुळते, आणि ती हॉट वायर स्वतःच्या व्हॉल्यूमपासून सुटते. नेकचा व्हॉल्यूम मग दोघांचा मास्टर होतो. आवाज मोठा, मधली पट्टी जाड, वरची चमक थोडी कमी.

टोनच्या कपॅसिटरवर 473 छापलेलं असेल तर तो 0.047 मायक्रोफॅरडचा. 104 (0.1 मायक्रोफॅरड) लावला तर टोन नॉब बंद केल्यावर आवाज आणखी गडद होतो. नॉब पूर्ण उघडा असताना फरक जवळपास ऐकू येत नाही, म्हणून 'व्हिंटेज' कपॅसिटरवर पैसे घालवू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा काही रुपयांचा पॉलिएस्टर पुरतो. पॉट खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा.

पॉट बदलायचेच असतील तर स्वस्त बेसमध्ये भोकं साधारण 7 मिमीची असतात आणि अमेरिकन मापाच्या पॉटला 9.5 मिमी लागतं; प्लेटमधलं भोक रीमरने वाढवावं लागेल. जुने नॉबही 6 मिमी दांड्याचे असतात, ते 6.35 च्या दांड्यावर चढत नाहीत. पॉटच्या पाठीला 25 वॅटची सोल्डरिंग गन पुरत नाही. ती टेकवून ठेवता ठेवता आतली पट्टी जळते; 40 ते 60 वॅटची घ्या आणि तीन-चार सेकंदांत उचला.

एवढं करूनही पिकअप घ्यायचेच ठरलं, तर आधी दोन्हींची लांबी मोजा. पारंपरिक जोडीत नेकचा सुमारे 92 आणि ब्रिजचा सुमारे 94–95 मिमी असतो, पण काही स्वस्त बेसमध्ये दोन्ही सारखेच असतात. लांब पिकअप आखूड खाचेत बसत नाही आणि मग लाकूड कोरावं लागतं.