मीटर साडेपाच दाखवतोय, मग कोळंबी का मरतेय?

घणसोलीच्या एका दादांचा मेसेज आलाय, "साहेब, तळ्यातली वनामी कोळंबी सत्तर दिवसांची झालीय, संध्याकाळी पाण्यातला ऑक्सिजन साडेपाच (मिलिग्रॅम प्रति लिटर) येतो, पाणी मस्त हिरवंय, तरी रोज सकाळी कडेला पाच-सहा मेलेल्या सापडतात." दिवा गावाहून पण तसंच एका ताईंनी विचारलंय, म्हणून एकत्रच सांगतो.

दादा, मीटर बुडवताय कुठे ते आधी बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तर बांधावरून वीतभर पाण्यात वायर सोडलेली दिसतेय आणि कोळंबी तर तळाशी फिरते ना. शिवाय संध्याकाळी दिवसभराच्या उन्हात प्लँक्टनने (पाणी हिरवं करणारं बारीक शेवाळ) ऑक्सिजन बनवलेला असतो, तेव्हा आकडा चांगलाच येणार, रात्री तेच प्लँक्टन ऑक्सिजन ओढतं आणि खालून गाळ वेगळा ओढतो. पहाटे साडेचार-पाचला, तळ्याच्या मधे, तळापासून वीतभर वर मोजा. तिथे चारच्या खाली जाऊ देऊ नका, तीनच्या खाली गेलं की कोळंबी खाणं सोडते.

मधेच का, तर पॅडल व्हील एरिएटर (पाण्यात हवा मिसळणारं चाक) पाणी गोल फिरवतं आणि उरलेलं खाद्य, विष्ठा, कात सगळं मधे गोळा होतं. एक पीव्हीसी पाइप तिथे चिखलात खुपसा, वरून तोंड दाबून बाहेर काढा. वर तपकिरी थर असेल तर ठीक, पण वरपासून काळंकुट्ट आणि सडक्या अंड्याचा वास आला तर समजा तिथला ऑक्सिजन संपलाय आणि बॅक्टेरिया आता खाडीच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतायत, त्यातून हायड्रोजन सल्फाइड होतो, पीएच उतरला की तो जास्तच विषारी. कोळंबी त्या जागेवरून पळून कडेला येते, तुम्हाला मेलेल्या कडेला सापडतायत त्याचं हेही कारण असू शकतं.

आता लगेच काय, तर चेक ट्रेमध्ये (कोळंबी किती खाते ते बघायला पाण्यात सोडलेला ट्रे) दोन तासांनी खाद्य उरत असेल तर पाव भाग कमी करा, एरिएटर रात्रभर सगळे चालू ठेवा (दुपारी एखादा बंद ठेवलात तर चालेल, लाइट बिल मलाही कळतं), आणि मधला गाळ सायफनने हळूहळू काढा. साखळी ओढून ढवळू मात्र नका, एकदम गॅस सुटतो आणि उरलेला ऑक्सिजनही जातो.

दिव्याच्या ताईंनी विचारलंय झिओलाइट (पाण्यातला अमोनिया पकडायला टाकतात ती खनिज पूड) टाकू का. खाऱ्या पाण्यात त्याचा फार उपयोग नाही, सोडियम मधे येतो, अमोनिया पकडतच नाही म्हणा, पैसे वाचवा.

पीक काढल्यावर गाळ खरवडून उचला, खाडीत नका सोडू, आणि तळाला भेगा पडेपर्यंत वाळवा. पण खाजणातली जमीन असेल तर सांभाळून, कांदळवनाच्या जुन्या चिखलात पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) असतं, उन्हात उघडं पडलं की आम्ल होतं, म्हणून खोल नांगरू नका, एक-दोनदा पाणी भरून सोडा, पीएच बघा, मगच चुना.

उद्या पहाटेचा आकडा आणि पाइपमधल्या चिखलाचा फोटो पाठवा, मग चुन्याचं सांगतो.