प्रथिनांवरच्या शर्करेत पीएचडी करावी का?

‘प्रथिनांना जोडलेल्या शर्करांवर पीएचडी केली तर पुढे वाव आहे, की हा कोपऱ्यातला विषय आहे?’ असं तुम्ही विचारलंय. माझं सगळं संशोधन यातच झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

विषय कोपऱ्यातला नाही, अवघड आहे. अमिनो आम्लांचा क्रम जनुकात असतो, शर्करेच्या साखळीचा नसतो. पेशीत कोणती विकरं (एन्झाइम) आहेत आणि त्यांना कच्चा माल किती मिळतोय, यावर साखळी ठरते. त्यातून ग्लुकोज, मॅनोज आणि गॅलॅक्टोज यांचं वस्तुमान तंतोतंत सारखं, म्हणजे नुसतं वस्तुमान मोजून ते वेगळे ओळखता येत नाहीत. पुष्कळ जण इथेच विषय सोडतात.

चिकाटीचं काय फळ मिळतं, ते जीवरसायनशास्त्रज्ञ जेराल्ड हार्ट यांच्या कामात दिसतं. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींवरच्या साखळ्यांच्या टोकाला असलेली एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन ही शर्करा शोधण्यासाठी त्यांनी आणि कार्मेन-रोसा टोरेस यांनी गाईच्या दुधातलं एक विकर वापरून त्यावर किरणोत्सारी गॅलॅक्टोज चढवलं. खूण सापडली ती बहुतांश पेशीच्या आत! शर्करायुक्त प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर नाहीतर स्रावात असतात, असं तेव्हा पाठ्यपुस्तकं सांगत. नमुन्यात काहीतरी मिसळलं असेल म्हणून हे सोडून देणं सोपं होतं. त्यांनी पिच्छा पुरवला आणि १९८४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. प्रथिनातल्या सेरीन किंवा थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर साखळी न होता एकटीच बसणारी ही शर्करा, म्हणजे ओ-ग्लुकनॅक, आज हजारो प्रथिनांवर माहीत आहे. ओजीटी हे विकर ती चढवतं, ओजीए उतरवतं. प्रथिनाला फॉस्फेट जोडलं जातं ती जागाही कित्येकदा तीच असते. पेशीत ग्लुकोज किती येतंय याच्याशी तिचा संबंध असल्याने मधुमेहाचे संशोधकही तिच्यामागे लागले. हार्ट यांची पुढची कारकीर्द बहुतांशी याच एका शर्करेभोवती फिरली, आणि मला त्यात संकुचितपणा मुळीच दिसत नाही.

नोकरीचं म्हणाल, तर प्रतिपिंड-औषधं बनवणाऱ्यांना साखळ्या तपासाव्याच लागतात. प्रतिपिंडाच्या एफसी भागावरच्या (म्हणजे दांड्यावरच्या) साखळीतली फ्युकोज ही शर्करा काढली, की रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या मारक पेशी त्या प्रतिपिंडाला जास्त घट्ट धरतात.

मार्गदर्शक निवडताना मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) रोज हाताशी असेल का, हे आधी विचारा. फक्त लेक्टिन (शर्करांना चिकटणारी प्रथिनं) वापरून दिसणाऱ्या पट्ट्यांवर निष्कर्ष काढणारी प्रयोगशाळा मी टाळेन, कारण एक लेक्टिन अनेक साखळ्यांना चिकटतं. आणि शर्करा जिथे बसते ते अमिनो आम्ल बदलल्यावर प्रथिनाचं काम थांबलं, असं कुणी दाखवलं, तर ते प्रथिन नीट घडी होऊन बसलं होतं का, ते तपासलंय का बघा.