जुनी मारुती ८००, बॅटरी नवी, तरी सेल्फ मारला की नुसतं ‘टक’ होतं. काय असेल?

आधी बॉनेट उघडून टर्मिनल बघा. पांढरट-हिरवी पूड साचली असेल तर वायरी काढा (निगेटिव्ह पहिली!), खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा, कोरडं करून घट्ट आवळा. मग हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंदावले तर बहुधा बॅटरी उतरलीय किंवा जोडणी सैल आहे. तसेच राहिले तर सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच), स्टार्टरचे (सेल्फच्या मोटरचे) कार्बन ब्रश, नाहीतर अर्थिंग. मी तरी आधी अर्थिंगच धरीन. बॉडीकडून गिअरबॉक्सला जाणारी वायर गंजलेली असते आणि लोक उगाच स्टार्टर खोलून बसतात.

गाडी सुरू झाली की बॅटरीवर मल्टीमीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि त्याचा पट्टा तपासून घ्या, नाहीतर ही बॅटरीही बसेल.