ओपन सायन्स कोर्समध्ये ओळख लिहिण्याआधी ईमेल तपासा

तुमची पोस्ट वाचली: कोपरखैरणेला राहता, कॉलेजात लॅब असिस्टंट आहात, ओपन सायन्सच्या (संशोधनाचा डेटा आणि पद्धती सगळ्यांसाठी खुल्या ठेवण्याच्या) ऑनलाइन कोर्समधले बाकीचे पीएचडीवाले, तिथे स्वतःची ओळख करून देताना काय लिहावं कळत नाही. अगदी ओळखीचा घोळ आहे हा. नाव-गाव तुम्ही लिहालच, ते सोडून देतो.

पदवीची चिंता सोडा. 'पर्यावरणाची आवड आहे' असं लिहिलंत तर चार लाइक येतील, उत्तर एकही नाही. खाडीच्या पाण्याच्या नोंदी आहेत म्हणता ना, मग तेच लिहा: 'ऐरोलीजवळ ठाणे खाडीतल्या विरघळलेल्या ऑक्सिजनच्या नोंदी एक्सेलमध्ये आहेत. काही मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, काही टक्के संपृक्ततेत. एकत्र कशा करू?' पाण्याचं तापमान आणि क्षारता त्याच वेळी मोजली होती का, हेही सांगा. त्याशिवाय हे रूपांतर होत नाही, आणि खाडीत क्षारता भरती-ओहोटीबरोबर बदलते. शंभर शब्द पुष्कळ झाले.

आता खरा मुद्दा. ओळखीखाली ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधन करणाऱ्या प्रत्येकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, द्यायला सांगतात. तो १६ अंकी, फुकट, जन्मभराचा. लोक तो कॉलेजच्या ईमेलवर काढतात आणि दुसरा ईमेल जोडतच नाहीत. नोकरी सुटली की मेलबॉक्स बंद. मग पासवर्ड विसरलात तर रीसेटची लिंक त्याच बंद मेलबॉक्सला जाते. कॉलेजकडे गेलात तर? ठाण्यातल्या एका कॉलेजच्या संगणक विभागाचं ठरलेलं उत्तर आहे: 'प्रिन्सिपलांची सही आणा.' सही नेली की 'अकाउंट डिलीट झालंय, आता काही होत नाही.' हेच आधी सांगायला काय जातं, देव जाणे! (सगळीकडे असंच असेल असं नाही, तुमच्याकडे विचारून बघा.) वैतागून नवा क्रमांक काढू नका. एका माणसाचे दोन क्रमांक झाले की कामं दोन्हीकडे विखुरतात. ऑर्किडच्या मदत विभागाला लिहा. ही वेळच येऊ नये म्हणून आजच आपला खासगी ईमेल जोडा आणि त्यावर आलेल्या लिंकने व्हेरिफाय करा. ऑर्किडवर ईमेल मुळातच फक्त तुम्हालाच दिसतो, त्यामुळे त्याची भीती नको.

मोबाइल नंबर मात्र ओळखीत अजिबात नको. अशा कोर्सच्या नोंदी बहुधा सगळ्यांसाठी उघड्या राहतात. गिटहब (कोड आणि फाइली ठेवायची साइट) वापरणार असाल तर पहिल्या कमिटच्या, म्हणजे तिथे बदल जतन करण्याच्या, आधीच सेटिंगमध्ये ईमेल खासगी ठेवा, कारण जुन्या कमिटमधला पत्ता नंतर आपोआप पुसला जात नाही.

माझं मत विचाराल तर ओळखीत वेळही लिहा: 'भारतीय वेळ, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक साडेपाच तास.' न्यूयॉर्कच्या दुपारी १२ची मीटिंग इथे उन्हाळ्यात रात्री साडेनऊला असते, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहाला. पहाटेची लोकल धरणाऱ्यांनी रेकॉर्डिंग मिळतं का, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.